दिवसभर मोबाइलवर तापून राहता? मग हे करून पाहा

काल रात्री फोन उशाखाली ठेवला तेव्हा डोक्यात काय चालू होतं, ते आठवून पाहा. कुठली गोष्ट होती, कोण माणूस होता, त्यानं काय केलं आणि तुम्ही मनातल्या मनात त्याला काय काय बोलून राहिले होते. आता हे पाहा का त्यातलं एक तरी माणूस तुमच्या ओळखीचं होतं का आणि त्या गोष्टीत तुमच्या हातानं काही होण्यासारखं होतं का. बहुतेक वेळा दोन्हीचं उत्तर नाही असंच येते. आणि तरी छाती धडधडते, झोप लागत नाही, सकाळी उठल्यावर तोंड कडू असते आणि घरात जो पहिला समोर येईल त्याच्यावर निघते, बायकोवर, पोरावर, नाहीतर बिचाऱ्या बैलावर.

मी यवतमाळ जिल्ह्यात, रस्त्यावरच्या एका गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र चालवतो. सातबारा, पीक विमा, ई-केवायसी, पोरांच्या स्कॉलरशिपा. ओटीपी पाहायला लोक फोन माझ्या हातात देतात, त्यामुळं कोणाच्या फोनवर काय चालू असते ते दिसतेच. मी काही डॉक्टर नाही, पण फोनची सेटिंग मला येते, माणसं मी रोज पाहतो, आणि गेल्या काही वर्षांत आपल्या लोकांचं जे होऊन राहिलं त्याची मला मनापासून काळजी वाटते, म्हणून एवढं लांबलचक लिहितो.

मागच्या हंगामातली गोष्ट घ्या. ऑगस्ट 2025 मध्ये सरकारनं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरपर्यंत म्हटलं आणि मग डिसेंबरपर्यंत वाढवलं. त्याच दिवसांत एक कास्तकार माझ्या केंद्रात बाकावर बसून होता, चाळिशीचा माणूस, चांगला शिकलेला. फोनवर त्याच विषयाचा एकामागून एक व्हिडिओ चालू, कोणी नेता काय बोलला, दुसऱ्यानं त्याला कसं झापलं, खाली कॉमेंटमध्ये आई-बहिणीवरून शिव्या. मान ताठ, जबडा आवळलेला, समोरच्या चहावर साय धरली तरी त्याचं लक्ष नाही. मी म्हटलं, "दादा, तुमची कपास किसानवर नोंदणी झाली का?" तो माझ्याकडं पाहतच राहिला. "कोणतं कपास किसान बापा?"

सीसीआयला, म्हणजे सरकारच्या भारतीय कपास महामंडळाला, हमीभावानं कापूस विकायचा असेल तर त्या वर्षी या ॲपवर नोंदणी करणं जरुरी होतं, त्याला मुदत होती आणि लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. आयात शुल्कावर कोण काय बोललं ते त्या माणसाला तोंडपाठ होतं, पण आपला माल कुठं आणि कसा विकायचा, याची खबरच नव्हती. त्याचा राग खोटा होता असं मी म्हणूनच शकत नाही, कास्तकाराला राग यायलाच पाहिजे, भाव नाही, लाईन म्हणजे वीज रात्रीची, रानडुकरं उभं पीक लोळवून जातात. पण माणसाजवळ दिवसभरात रागवायची ताकद तेवढीच असते आणि ती मोबाइलवर संपली का वावरासाठी, घरासाठी, तहसीलमध्ये जाऊन उभं राहण्यासाठी काही उरत नाही. मला जे सांगायचं ते एवढंच आहे, बाकी सगळं ते कसं जमवायचं यावर आहे.

फोन आपल्याला तापवतो कसा

हे आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं काही टिकणार नाही. आपल्याला वाटते का आपण आपल्या मनानं पाहून राहिलो, पण पुढं काय येईल हे मशीन ठरवते आणि मशीनला एवढंच समजते का तुम्ही कशावर थांबले, कशावर बोट दाबलं. फेसबुकनं 2017 मध्ये लाल तोंडाच्या रागाच्या इमोजीला, आणि तशाच बाकीच्या इमोजींनाही, साध्या लाइकच्या पाच पट वजन दिलं होतं. म्हणजे तुम्ही चिडून ते लाल तोंड दाबलं का ती पोस्ट आणखी पाचजणांना आवडली असं धरून मशीन ती पुढं ढकलायची. 2021 मध्ये कंपनीच्या आतल्या कागदपत्रांतून हे बाहेर आलं. तोवर 2020 मध्येच त्यांनी रागाचं वजन शून्यावर आणलं होतं, कारण त्यांच्याच लोकांना दिसलं का ज्या पोस्टवर लाल तोंडं जास्त, त्यात खोटी आणि विषारी माहितीही जास्त. म्हणजे ज्यांनी बनवलं त्यांनाही हे समजलं होतं.

अमेरिकेतल्या संशोधकांनी 2017 मध्ये पाच लाखांहून जास्त ट्वीट तपासले. ज्यात चूक-बरोबर ठरवणारा आणि भावना भडकवणारा असा एक एक शब्द वाढत जातो, ते ट्वीट प्रत्येक शब्दामागं साधारण 20 टक्के जास्त पसरते असं त्यांना दिसलं. पुढं 2021 मध्ये येल विद्यापीठातल्या लोकांनी 1 कोटी 27 लाख ट्वीट पाहून आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्याच्या चिडक्या पोस्टला लाइक आणि शेअर जास्त भेटतात, तो पुढं आणखी चिडून लिहायला लागतो. म्हणजे जन्मापासून तापट नसलेल्या माणसालाही लाइक तापट बनवतात. आपल्याच गावात पाहा ना, चारचौघात ज्याचा आवाज निघत नव्हता असा माणूस ग्रुपवर काय काय लिहून राहिला.

आणि एक. 2023 मध्ये असंही दिसलं का पोस्ट वाचणाऱ्याला लिहिणारा जेवढा रागात वाटतो, तेवढा तो स्वतः नसतो. मोबाइल पाहून वाटते का सगळा देश एकमेकांच्या उरावर बसायला निघाला. मग बाजाराच्या दिवशी बाजारात फिरून पाहा, तिथं कोणी कोणाची जात विचारून वांगे घेत नाही.

शरीराचं काय होते

राग आला का शरीर मारामारीची तयारी करते, ॲड्रेनालिन सुटते, ठोके वाढतात, रक्त हातापायाकडं जाते. वावरात साप निघाला तर हे कामाचं आहे, कारण दोन मिनिटांत साप जाते आणि शरीर शांत होते. पण मोबाइलवर दर अर्ध्या मिनिटाला नवा साप निघते, शरीराला शांत व्हायला वेळच भेटत नाही. असं रोज चाललं का झोप मोडते, पोटात आग पडते, मान आणि खांदे आखडतात, लहान गोष्टीवर तोल जाते. ज्याला आधीच बीपी आहे त्यानं तर हे हलक्यात घेऊच नये.

दूरच्या गोष्टीचा त्रास दूरच राहते असं समजू नका. एप्रिल 2013 मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. संशोधकांनी नंतर पाहिलं तर पुढचा आठवडाभर ज्यांनी रोज सहा तास किंवा जास्त त्याच बातम्या पाहिल्या, त्यांच्यात मानसिक ताणाची लक्षणं स्फोटाच्या जागी किंवा जवळपास असलेल्यांपेक्षाही जास्त होती. ते नुसत्या बातम्या पाहून झालं. आपल्या पोट्ट्यांच्या फोनवर अपघाताचे, मारहाणीचे, विहिरीतून प्रेत काढल्याचे व्हिडिओ रोज येतात आणि पानठेल्यावर गोल करून पाहिले जातात. पाहणाऱ्याला काहीच होत नाही असं मी मानत नाही.

पुष्कळ लोक म्हणतात, "लिहून टाकलं का मन मोकळं होते." याचीही परीक्षा झाली आहे. 2002 मध्ये ब्रॅड बुशमन नावाच्या संशोधकानं 600 विद्यार्थ्यांना घेऊन प्रयोग केला. आधी त्यांना चिडवलं, मग काहींना पंचिंग बॅगवर मारायला लावलं, मारताना ज्यानं चिडवलं त्याचा विचार करायचा. काहींना नुसतं शांत बसवलं. मारणाऱ्यांचा राग कमी व्हायचा सोडून वाढला आणि शांत बसलेले सगळ्यात कमी आक्रमक निघाले. म्हणजे कॉमेंटमध्ये शिवी हाणल्यानं राग निघत नाही, त्याला पाणी भेटते.

आपल्याकडं राग काढायची एक रीत आहे, ती मला या बाबतीत फार शहाणी वाटते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे वाईट गोष्टींचा पुतळा, काढतात. नागपूरची काळी-पिवळी मारबत सगळ्यांना माहीत आहे, बडगे, म्हणजे तसेच पुतळे, निघतात, महागाईचे, भ्रष्टाचाराचे, पुढाऱ्यांचे, पण खेड्यापाड्यातही त्या दिवशी पोट्टे "घेऊन जा गे मारबत" ओरडत गावाबाहेर जातात. वर्षाचा सगळा संताप एका दिवशी, सगळ्यांनी मिळून, रस्त्यावर उतरून बोलायचा, शिवेबाहेर नेऊन जाळायचा आणि घरी येऊन जेवायचं. मोबाइलवर मारबत रोज निघते, पण ती जळत नाही आणि शिवेबाहेर जात नाही, रात्री आपल्याच उशाखाली येऊन झोपते.

आता करायचं काय

पहिलं काम मोबाइलमध्ये नाही, वहीत आहे. एक जुनी वही घ्या आणि चार-आठ दिवस, फोन खाली ठेवला का दोनच गोष्टी लिहा: काय पाहिलं आणि अंगात काय वाटून राहिलं. जबडा आवळला का, डोकं भणभणते का, कोणावर वसकन बोललो का. लिहायचा कंटाळा असेल तर झोपताना नुसतं आठवा. याचा फायदा असा का कोणत्या चॅनलनं, कोणत्या ग्रुपनं, कोणत्या माणसाच्या स्टेटसनं आपलं डोकं जाते हे तुमचं तुम्हाला दिसते, दुसऱ्यानं सांगून ते पटत नाही. बहुतेकांच्या बाबतीत दोन-तीन ठिकाणंच निघतात. सगळा फोन सोडायची गरज नसते, ती दोन-तीन ठिकाणं बांधली का अर्ध्याहून जास्त काम होते.

मग यूट्यूब. माझ्या मते आपल्याकडं सगळ्यात जास्त आग इथूनच लागते, कारण वाचायचा कंटाळा असला तरी व्हिडिओ पाहता येते आणि 2016 नंतर डेटा स्वस्त झाला तेव्हापासून म्हातारे-कोतारेही पाहतात. ज्या चॅनलनं डोकं जाते त्याच्या व्हिडिओवर तीन टिंब दाबा, तिथं "हे चॅनल सुचवू नका" अशा अर्थाचं बटन आहे, ते दाबा. नुसतं न पाहता पुढं गेल्यानं काही होत नाही, ते दाबावंच लागते. नंतर सेटिंगमध्ये जाऊन पाहिलेल्याची हिस्ट्री साफ करा आणि ऑटोप्ले बंद करा, म्हणजे एक संपल्यावर दुसरं आपोआप सुरू होणार नाही. ज्याला फारच ओढ लागते त्यानं हिस्ट्री कायमची बंद ठेवावी, होमचं पान जवळपास रिकामं होते आणि जे पाहिजे ते शोधूनच पाहावं लागते. मी पुष्कळांना हे करून दिलं. पहिले दोन दिवस लोक म्हणतात, "भाऊ, फोन बिघडला काय, काहीच येऊन नाही राहिलं." काही बिघडलेलं नसते. हिस्ट्री चालू ठेवणाऱ्यानं साफ केल्यावर पहिले काही दिवस मुद्दाम कामाचं शोधा, तुरीवरची अळी, ठिबकची दुरुस्ती, कीर्तन, कुस्ती, जे तुम्हाला खरंच आवडते ते. मशीन लवकर शिकते, वाईट जसं शिकते तसं चांगलंही शिकते.

फेसबुकवर एखाद्याला अनफ्रेंड केलं तर गावात तोंड दाखवायची पंचाईत होते, म्हणून तसं करू नका. त्याला 30 दिवस स्नूझ करा, नाहीतर अनफॉलो करा, दोस्ती कायम राहते, पोस्ट दिसत नाही आणि त्याला समजतही नाही. इन्स्टाग्रामवर सुचवलेलं सगळं रीसेट करायची सोय आली आहे, पोट्ट्यांना माहीत असते, त्यांच्याकडून करून घ्या.

व्हॉट्सॲपचं जरा सविस्तर सांगतो, कारण तिथं नातेसंबंध आहेत. गावाचा ग्रुप सोडता येत नाही, त्यावर नळाचं पाणी, लाईन, रेशन, मयताची खबर, सगळं येते. मग म्यूट करा, आणि म्यूट करताना "नेहमीसाठी" निवडा, आठ तासांचं म्यूट काही कामाचं नाही. जे ग्रुप नुसते भांडणाचे आहेत ते आर्काइव्हमध्ये टाका. सेटिंगमध्ये डेटाच्या ठिकाणी जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा, त्यानं मेमरीही वाचते आणि नको ते न मागता डोळ्यासमोर येत नाही. ज्याच्या स्टेटसनं सकाळी सकाळी टाळकं सरकते त्याचं स्टेटसही म्यूट होते. आणि सरपंचांना किंवा ग्रुपच्या ॲडमिनला सांगून फक्त सूचनांचा एक वेगळा ग्रुप काढून घ्या, ज्यात ॲडमिनशिवाय कोणी लिहू शकत नाही. ज्या गावानं हे केलं तिथं भांडणं बरीच कमी झाली, हे मी जवळून पाहिलं.

ग्रुपवर काका-मामांनी काही भडकाऊ टाकलं तर तिथंच भिडू नका. चारचौघांत चूक दाखवली का माणूस मान्य तर करत नाहीच, उलट हट्टाला पेटते. त्यांना वेगळा फोन लावा नाहीतर संध्याकाळी ओट्यावर जाऊन बसा आणि नुसतं विचारा, "काकाजी, हे कुठलं आहे जी? कधीचं आहे?" पुष्कळदा त्यांनाही माहीत नसते आणि ते स्वतःच काढून टाकतात. मोठ्या माणसाचा मान राखून बोललेलं लागू पडते.

फॉरवर्डवर दुहेरी बाण दिसला का समजा तो निदान पाच हातांतून फिरून आला आहे. तो खरा आहे का नाही हे बाण सांगत नाही, पण ज्यानं पाठवला त्यानं तो स्वतः लिहिलेला नाही एवढं नक्की. व्हॉट्सॲपनं भारतात 2018 च्या जुलैमध्ये एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली आणि एप्रिल 2020 पासून दुहेरी बाणाचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाते. ही मर्यादा उगाच आली नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, बाजाराच्या दिवशी, पोरं पळवणारे समजून लोकांनी पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले लोक होते. पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा आधीपासून मोबाइलवर फिरून राहिली होती. मारणारी माणसं तुमच्या-माझ्यासारखीच बाजाराला आलेली होती, हे विसरून चालणार नाही. अशा अफवा आपल्याही भागात दर काही दिवसांनी उठतात. तसा मेसेज आला तर कोणाला पाठवायचा नाही, पोलीस पाटलांना फोन करायचा, आणि वाट चुकलेला अनोळखी माणूस दिसला तर त्याला पाणी विचारायचं.

जागलीवरचा फोन

आपल्याकडची खास अडचण म्हणजे जागल. रब्बीत लाईन रात्रीची, गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला जावं लागते, नाहीतर डुकरं आणि रोही (नीलगाय) हाकलायला मचाणावर रात्र काढावी लागते. माणूस एकटा, थंडी, अंधार आणि हातात फोन. झोप अर्धवट झालेल्या डोक्याला राग लवकर येते, लवकर जात नाही आणि रात्री तीन वाजता त्याला समजावायला जवळ कोणी नसते. म्हणून जागलीला निघायच्या आधी घरूनच भजनं, कीर्तन, दंडार, खडी गंमत, जुनी गाणी असं ऐकायचं काही उतरवून घ्या आणि वावरात डेटा बंद ठेवा, फोन चालू राहू द्या. बॅटरीही टिकते, साप-विंचवाच्या वेळी कोणाला हाक मारायला फोन जिवंत पाहिजे. आवाज चालू राहिला तर डुकरंही जरा दबकून राहतात. डिजिटल वेलबीइंग नावाची सेटिंग बहुतेक फोनमध्ये असते, त्यात झोपायच्या वेळेला स्क्रीन काळी-पांढरी करता येते आणि एकेका ॲपला दिवसाची वेळ ठरवून देता येते. रंग गेला का पाहायची गोडी अर्धी कमी होते, करून पाहा.

रोजच्या दिवसात दोन वेळा मोकळ्या ठेवल्या तरी पुष्कळ. सकाळी उठल्यावर चहा, ढोरांचं वैरण-पाणी होईपर्यंत फोन उघडायचा नाही आणि रात्री जेवल्यावर तो उशाखाली नाही, दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायचा. बातमी पाहिजे तर दिवसातून एकदा पेपर वाचा, आकाशवाणीच्या बातम्या ऐका. पेपर रोज शेवटच्या पानाला संपते, व्हिडिओ संपत नाही. ज्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी होते तिथं जाऊन बसा, देवाधर्माचं वेड नसलं तरी बसा. दहा-पंधरा माणसं एका जागी शांत बसतात, नंतर दोन शब्द बोलतात, खबरबात विचारतात, हे आता फार दुर्मीळ होऊन राहिलं.

फोन कमी केल्यानं खरंच फरक पडते का, असं कोणी विचारलं तर हो, पण चमत्कार समजू नका. 2018 च्या निवडणुकीआधी अमेरिकेत संशोधकांनी काही लोकांचं फेसबुक चार आठवडे बंद करायला लावलं. त्यांचा रोज साधारण एक तास मोकळा झाला, मन थोडं बरं वाटायला लागलं, राजकारणावरून टोकाला जाणंही कमी झालं. बातम्यांची माहिती थोडी कमी झाली, हेही खरं. प्रयोग संपल्यावरही त्यातले पुष्कळ जण पहिल्यापेक्षा कमीच वापरायला लागले.

राग खरा असेल तेव्हा

हे सगळ्यात अवघड आहे. पडलेला भाव, अडकलेला विमा, ट्रान्सफॉर्मर जळून महिना झाला, हे पाहून राग येऊ नये असं मी कोणाला सांगणार नाही. तिथं एकच नियम ठेवा: व्हिडिओ पाहिला का लगेच स्वतःला विचारा, यातलं माझ्या हातात काय आहे आणि ते कोणत्या टेबलावर होते. काहीतरी निघाले तर फोन ठेवा आणि ते लिहून काढा, तारीख टाकून. अर्ज द्यायचा असेल तर दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या. ग्रामसभेचा विषय असेल तर सभेला जा आणि ठरावात लिहून घ्यायला लावा. माहितीच्या अधिकारात अर्जाची फी 10 रुपये आहे आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागते, तेवढ्या पैशात दुसरं हत्यार मिळत नाही. दोन-चार जण मिळून गेले तर आणखी बरं, कारण राग वाटून घेतला का कामाला लागते. आणि काहीच हातात नसेल तर तो व्हिडिओ तिथंच सोडा, दुसरा पाहून ती गोष्ट बदलत नाही.

घरात बाबा दिवसभर स्पीकर मोठा करून पाहत असतील तर त्यांच्या हातातून फोन ओढू नका, अपमान होते. त्यांना काम द्या, नातवाला सोबत घेऊन गोठ्यात जायचं, बाजारातून भाजी आणायची, आणि त्यांच्या यूट्यूबमध्ये वर सांगितलेलं बटन तुम्ही शांतपणे दाबून द्या, पण त्यांना सांगून. बायकांच्या फोनवर राजकारण कमी आणि सून-सासूच्या मारहाणीचे, कोणाच्या पोरीनं काय केलं याचे व्हिडिओ जास्त असतात. त्यानंही तेवढाच त्रास होते आणि पोरीबाळींवरचा संशय वाढते, तोही भाग घरात बोलायला घ्या.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. वरचं सगळं करूनही दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कामात मन लागत नाही, माणूस एकटा राहायला लागला, किंवा "आता जगून काय करू" असं एकदा जरी बोलला, तर ते मोबाइलचं खूळ समजून सोडून देऊ नका. कर्ज, नापिकी आणि त्यावर रात्रंदिवस हा संताप, आपल्या भागात हे किती घरांना महागात पडलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवसांत फवारणीचं औषध घरात ठेवू नका, कुलपात टाका आणि किल्ली दुसऱ्याजवळ द्या. टेली-मानस नावाची सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर 14416, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, कुठं जायचं ते आशाताईंना विचारलं तर त्या सांगतात. माणूस स्वतः बोलायला तयार नसेल तर तुम्ही त्याच्या जवळ बसून फोन लावा, आधी तुम्ही बोला, काय होऊन राहिलं ते सांगा, आणि मग फोन त्याच्या हातात द्या.